डिझेल पंप गेला म्हणण्याआधी हे बघ

भाऊ, कसारा घाटात गाडी दम सोडते म्हणजे पंपच गेला असं नसतं. आधी डिझेल फिल्टर बदल, त्यातलं पाणी काढ, पाइपात हवा धरतेय का बघ, बऱ्याच गाड्या इथेच सुटतात. जुना फिल्टर फेकू नको, कापून पांढऱ्या कापडावर झटक, चमचमणारा चुरा दिसला तर हाय प्रेशर पंप, म्हणजे इंजिनाला जोरात डिझेल देणारा हाच पंप, झिजतोय, मग गाडी टो करूनच ने, चुरा इंजेक्टरात (इंजिनात डिझेल फवारतो तो भाग) गेला की खर्च कुठल्या कुठे. स्कॅनरवर रेल प्रेशर (इंजेक्टरला मिळणाऱ्या डिझेलचा दाब) न बघता कुणी पंप उतरवायला निघाला तर गॅरेज नाशकातल्या द्वारकेचं असो की अंबडचं, सरळ निघ तिथून.

कंपनीने दोष निघाला म्हणून परत बोलावलेल्या गाड्यांत (रिकॉल) आपली आहे का बघायला चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाक. गाडी त्यात निघाली तर ते काम फुकट, गाडी सेकंडहँड असली तरी. तक्रार जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या कागदावर) लिहून घे, तोंडी "बघतो साहेब" नको.