छोटं विमान धावपट्टी संपून उसात घुसलं. ब्रेक लागले नाहीत का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या शेजारच्या खासगी धावपट्टीवर उतरलेलं चार आसनी विमान थेट उसात गेलं, तर ब्रेक निकामी असतील का. त्या विमानाबद्दल तपासाआधी काही बोलणार नाही. पण मी बेळगावजवळच्या मुतग्याचा, सांबरा विमानतळावरच्या विमानांच्या आवाजात वाढलो आणि आता छोट्या विमानांच्या देखभालीचंच काम करतो. असाच एक अपघात जवळून पाहिलाय.

तिथं मी आधी धावपट्टी चालत गेलो. चाकांची पहिली काळी खूण निम्म्याच्याही पुढे होती. ब्रेक शाबूत होते, त्यांना जागाच उरली नव्हती. पुढचं चाक मोडून नाक तांबड्या मातीत रुतलेलं, पंख्याची पाती मागे वळलेली. त्या वळलेल्या पात्यांवरून कळलं की इंजिनाला जोर दिलेलाच नव्हता, म्हणजे पुन्हा वर जायचा प्रयत्न झाला नव्हता.

सेस्ना 172 हे चार आसनी छोटं विमान आखूड पट्टीवर साधारण 61 नॉटने (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) आणतात. 67 ने आणली तर वेग 10 टक्केच वाढतो, पण जिरवायची ऊर्जा 21 टक्के वाढते आणि विमान जमिनीलगत तरंगत राहतं. पाठवारा असेल तर तिच्या पुस्तिकेत दर 2 नॉटला अंतर 10 टक्के वाढवायला सांगितलंय. त्यात आपला भाग उंचावर, सांबऱ्याची धावपट्टीच सुमारे 758 मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे काट्यावर तोच वेग दिसला तरी जमिनीवरचा वेग जास्त असतो. चाकं टेकल्यावरही थोडा वेळ पंख विमानाचं वजन पेलत असतात; तेव्हा ब्रेक दाबला की चाक नुसतं घासतं.

माझं मत स्पष्ट आहे. धावपट्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात चाकं टेकली नाहीत तर वर जायचं, फेरी मारून परत यायचं. मालक खाली उभा असतो, पाहुणे फोटो काढत असतात, तेव्हा हे जड जातं. तरी जायचंच.

पुन्हा कधी असं झालं तर 112 ला फोन करा आणि विमानाच्या मागच्या बाजूनं जा. थांबलेला पंखाही फिरू शकतो, त्याला हात लावू नका. पेट्रोल पंखांतल्या टाक्यांत असतं, म्हणून बिडी-काडी लांब. माणसं बाहेर काढण्यापुरतं सोडून विमान हलवू नका, आणि धावपट्टीवरच्या खुणांवरून ट्रॅक्टर जाऊ देऊ नका.