मुलगी दृढीकरणाला नकार देते. तिला देवावर सोपवायचे म्हणजे नेमके काय करायचे?

आपली १६ वर्षांची मुलगी दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने मंडळीपुढे स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, नको म्हणते, तेव्हा तिच्यावर सक्ती करावी की तिला देवावर सोपवून गप्प राहावे, असे आपण विचारले आहे. सक्ती करू नये. गप्प राहण्याविषयी मात्र विस्ताराने लिहावे लागेल, कारण १२ वर्षांपूर्वी पुण्यात आमच्याच घरात हा प्रश्न उभा राहिला होता.

आमचा मुलगा तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याने दृढीकरणाचे वर्ग पूर्ण केले होते, पांढरा शर्ट शिवून आला होता, नातेवाइकांना निरोप गेले होते, आणि बिशपसाहेब येण्याच्या तीन दिवस आधी, रात्रीची कौटुंबिक प्रार्थना आटोपल्यावर तो म्हणाला, "आई, मला जे अजून खरे वाटत नाही, ते मी वेदीपुढे उभा राहून बोलणार नाही." त्याचे वडील काहीच बोलले नाहीत. मी रात्रभर जागी होते आणि सकाळी पाळकसाहेबांना भेटून त्याचे नाव यादीतून काढायला सांगितले. त्या रविवारी माझे मोठे दीर घरी आले आणि सर्वांसमोर म्हणाले, की आईचा विश्वास उणा पडला म्हणून मुलगा हातचा गेला; लहानपणी योग्य वळण लावलेला माणूस म्हातारपणीही ढळत नाही, असे बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात लिहिलेच आहे. वडीलधाऱ्यांना उलट उत्तर देण्याची आमच्याकडे रीत नव्हती, म्हणून मी चहा ठेवायला आत गेले.

ते उत्तर आज देते. नीतिसूत्रे हे शहाणपणाचे बोल आहेत, करारनामा नव्हे. बायबलातल्या हन्नेने नवस करून मागितलेला आणि दूध तुटल्यावर शिलो येथील मंदिरात परमेश्वराला वाहिलेला मुलगा, पुढे संदेष्टा झालेला शमुवेल, त्याचेच मुलगे योएल आणि अबीया लाच घेऊन न्याय फिरवू लागले. तरी पवित्र शास्त्र शमुवेलाला विश्वासात उणा ठरवत नाही. शिवाय बालकाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप आणि धर्ममाता-पिता त्याच्या वतीने जी वचने देतात, ती दृढीकरणात त्याने स्वतःच्या तोंडाने स्वीकारायची असतात. तेव्हाही आम्हीच त्याच्या तोंडी शब्द घातले, तर त्याचे स्वतःचे असे त्यात काय उरते? घरच्यांनी धीर धरण्याविषयी बोलायचे, तर कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये; हे उदाहरण देणारे लोक त्याचा शेवट सांगतात, मधली पाच वर्षे सांगत नाहीत.

आम्ही रात्री नऊची प्रार्थना एक दिवसही बंद केली नाही. तो गॅलरीत बसत असे आणि मी दार लोटून घेत नसे. त्याच्यासाठी मी मागणे करीत असे, पण मनातल्या मनात. प्रार्थनेच्या नावाखाली मुलाला चार शब्द ऐकवणे हे मी पाप मानते. त्याने प्रश्न विचारले तर माहीत असेल तेवढे सांगितले आणि जिथे माहीत नव्हते तिथे तसे कबूल केले. सोपवणे म्हणजे मी एवढेच समजले आहे: माझे काम मी सोडायचे नाही आणि देवाचे काम हातात घ्यायचे नाही.

गेल्या वर्षी यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा महिनाभर मुलगा हिंजवडीहून रोज घरी येत होता. एका रात्री यांनी त्याला १२१ वे स्तोत्र वाचायला सांगितले, तर त्याने पुस्तक न उघडता ते म्हटले. तो परत आला असे मी म्हणत नाही. रविवारी तो उपासनेला येत नाही. दिरांच्या कानावर हे गेले तेव्हा ते म्हणाले, "वळण लावले होते, म्हणूनच." त्याही वेळी मी काही बोलले नाही.

एक गोष्ट खरे तर आधी लिहायला हवी होती. मुलीच्या नकारामागे श्रद्धेचा प्रश्न आहे, की मंडळीतल्या कोणाच्या बोलण्याने किंवा वागण्याने ती दुखावली आहे, हे तिला एकटीला जवळ बसवून आधी विचारा. तसे काही असेल, तर वर लिहिलेले सगळे बाजूला ठेवून प्रथम तिच्या बाजूने उभे राहा.