आर्किटेक्चर शिकायला जर्मनीला यायचंय? बेळगावजवळच्या खानापूरच्या एका मुलीला स्टुटगार्टहून उत्तर

तुझं पत्र वाचलं. बी.आर्च.च्या शेवटच्या वर्षाला आहेस, थिसिस संपत आलाय, आणि तीन गोष्टी विचारल्यास. डिग्री हातात पडली की लगेच मास्टर्सला यावं का? इंग्रजीतला कोर्स घेतला तर चालेल का? आणि कॉलेजची चंदीगडची स्टडी टूर घरच्यांना परवडत नाहीये, ती चुकली तर पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह, कमी पडेल का? तिसरा प्रश्न तू शेवटी ओशाळून लिहिल्यासारखा वाटला. मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी पहिला. ये, पण लगेच येऊ नकोस. बेळगावात, धारवाडात, पुण्यात, जिथं नव्या पोरांनाही साइटवर पाठवतात अशा ऑफिसात दोन वर्षं काढ. इथं जर्मनीत आर्किटेक्टचं काम ‘होआय’ नावाच्या नियमावलीत नऊ टप्प्यांत मांडलेलं आहे आणि प्रत्येक टप्प्याला फीचा वाटा ठरलेला आहे. इमारतीसाठी त्यातले मोठे वाटे असे: प्राथमिक आराखडा 7 टक्के, डिझाइन 15, परवानगीची ड्रॉइंग 3, वर्किंग ड्रॉइंग 25, टेंडरची तयारी 10, आणि साइटवरची देखरेख तब्बल 32. युरोपीय न्यायालयाच्या 2019 च्या निकालानंतर, 2021 पासून फीचे किमान-कमाल दर बंधनकारक राहिले नाहीत, पण करार अजूनही याच टप्प्यांवर होतात. आता तू स्वतःच बघ, पाच वर्षं आपण कॉलेजात जे करतो ते सगळं त्या 7 आणि 15 मध्ये संपतं. वर्किंग ड्रॉइंग आणि देखरेख मिळून 57 टक्के होतात, आणि ते काम साइटवर उभं राहिल्याशिवाय कुणाला येत नाही.

एक उदाहरण देते. आपल्याकडे गॅलरी काढायची तर आतली स्लॅबच तशीच बाहेर नेतात. एकाच दिवशी काँक्रीट पडतं, बाहेरच्या अंगाला थोडा ढाळ देतात, खालच्या कडेला पाणी तुटायला खाच ठेवतात, झालं. इथं तसं केलं तर घरातली ऊब त्या काँक्रीटमधून बाहेर निघून जाते, आतला कोपरा थंड पडतो, तिथं दव धरतं आणि मग बुरशी येते. म्हणून आतली स्लॅब आणि गॅलरी यांच्यामध्ये 8 ते 12 सेंटीमीटरचा इन्सुलेशनचा तयार तुकडा बसवतात आणि त्यातून आरपार सळ्या जातात. गॅलरीचं वजन त्या सळ्यांवरच तोललेलं असतं. सेंट्रिंगवर उभं राहून सळ्या बांधताना जिनं पाहिलंय तिला हे डिटेल बघताक्षणी कळतं. जिनं फक्त थ्रीडी मॉडेल केलंय तिला ते पाठ करावं लागतं.

दुसरा प्रश्न. इंग्रजीतले कोर्स आहेत, आणि चांगले आहेत. इथं स्टुटगार्टला संगणकीय डिझाइन आणि नव्या बांधकाम तंत्रावरचा ‘आयटेक’ आहे, देसाऊलाही पूर्ण इंग्रजीतलं मास्टर्स आहे. पण डिग्री मिळणं वेगळं आणि आर्किटेक्ट म्हणवून घेणं वेगळं. आपल्याकडे 1972 चा आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट आहे. त्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी राखून ठेवली आहे, काम नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. इथं उपाधी तर राखीव आहेच, शिवाय बांधकाम परवानगीच्या अर्जावर सही करण्याचा अधिकारही ठरावीक लोकांनाच आहे. त्यासाठी आपण जिथं असू त्या राज्याच्या आर्किटेक्ट चेंबरमध्ये, म्हणजे आर्किटेक्टांची नोंदणी करणाऱ्या संस्थेत, नाव लागावं लागतं. साधारणपणे किमान चार वर्षांचं शिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि तो अनुभव सगळ्या टप्प्यांना धरून असावा अशी अपेक्षा असते. कोर्सच्या नावात ‘आर्किटेक्चर’ शब्द आहे एवढ्यावर विसंबू नकोस. फी भरण्याआधी त्या राज्याच्या चेंबरला लेखी विचार की हे मास्टर्स आणि माझं बी.आर्च. मिळून नोंदणीला धराल का. ते उत्तर देतात.

कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिकावीच लागेल. भाषेच्या पातळ्यांत बी2 म्हणजे सुरुवात, त्याच्या वरची सी1 झाली की साइटवर पाठवतात. भाषा नसली की वर्षानुवर्षं स्पर्धांसाठी रेंडर आणि मॉडेल करत बसावं लागतं, आणि ते 32 टक्के कायम दुसऱ्याच्या वाट्याला जातात. भाषेची भीती मात्र धरू नकोस. घरी मराठी, गवंड्याशी कन्नड, कॉलेजात इंग्रजी, हे तू आताच करतेस. कन्नड तू क्लास लावून शिकलीस का? कामापुरती बोलत बोलत शिकलीस. इथं व्याकरण बसून करावं लागतं एवढंच जास्तीचं. पुणे आणि बेंगळूरू दोन्हीकडे जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन आहे.

पैशांचं थोडक्यात. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात (2024 पासूनचा आकडा, अर्ज करताना पुन्हा बघ). बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 पासून त्याहून बरीच जास्त फी लावली आहे. शिकताना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण डिझाइन स्टुडिओच्या सबमिशनच्या आठवड्यांत काम होत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेव.

आता टूर. कर्ज काढून चंदीगडला जाऊ नकोस. आमच्या ऑफिसात इंटर्नशिपसाठी येणारे पोर्टफोलिओ मी बघते. टूरच्या फोटोंचं पान बहुतेक सगळ्यांकडे असतं आणि ते कुणी वाचत नाही, कारण त्यात मुलगी तिथं जाऊन आली एवढंच कळतं. तिनं काय पाहिलं ते कळत नाही. हात थांबतो तो स्वतः मोजून काढलेल्या सेक्शनवर, म्हणजे इमारत उभी कापली तर आत जे दिसेल त्या ड्रॉइंगवर. आणि मोजायला तुझ्याभोवती काय कमी आहे?

हलशी तुझ्याच तालुक्यात. कदंबांच्या त्या भूवराह नरसिंह देवळात दोन गर्भगृहं समोरासमोर आहेत. दोन्हींच्या मधल्या मंडपात उभी राहा आणि उजेड कुठून येतो, कुठपर्यंत पोचतो, ते प्लॅनवर पेन्सिलीने भर. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 ची. मंडपाच्या छतातलं ते कमळ सगळेच मान वर करून बघतात. तू त्याचं वजन कुठल्या दगडांवरून कुठल्या खांबांवर उतरतं ते काढून बघ. विजापूरला गोलघुमट, 1656 चा, बाहेरून 44 मीटर व्यासाचा. चौकोनी दालनावर गोल घुमट बसवताना एकमेकींना छेदणाऱ्या कमानी कशा वापरल्यात ते कागदावर कंपासने काढलंस तर भूमितीचा एक अख्खा धडा होतो. एका दिवसात पट्टदकलला नागर आणि द्राविड दोन्ही शिखरं शेजारी शेजारी दिसतात.

आणि घर. तुमचं जुनं कौलारू घर असेल तर तेच आधी मोज. जोत्याची उंची, पायरीची उंची, सोप्याची खोली, भिंतीची जाडी, वळचण भिंतीच्या किती बाहेर येते, कौलांचा उतार, परड्याकडे पाणी कसं जातं. खोलीचे कर्ण घ्यायला विसरू नकोस, त्याशिवाय खोली काटकोनात आहे की नाही कळत नाही, आणि जुन्या घरांत ती सहसा नसते. जुलैत एकदा भर पावसात जाऊन भिंतीवर ओल कुठपर्यंत चढते त्याची खूण कर. वळचण एवढी बाहेर का काढली ते त्या खुणेवरून कळेल. खानापूरच्या पावसाचं उत्तर त्या सेक्शनमध्ये आहे, आणि ते इथल्या कुठल्याही प्राध्यापकाला दाखवण्याच्या लायकीचं आहे.

इथल्या सहली अभ्यासक्रमाचा भाग असतात आणि पद्धत मला फार आवडते. निघण्याआधी प्रत्येकाला एक इमारत वाटून देतात. तिची ड्रॉइंग, तिचा काळ, तिच्यावरची टीका हे सगळं वाचून जायचं आणि त्या इमारतीसमोर उभं राहून बाकीच्यांना समजावायचं. विद्यापीठाबाहेरही बघायला खूप मिळतं. जूनअखेरीस ‘आर्किटेक्चर दिवस’ असतो, नवी घरं, शाळा, ऑफिसं लोकांना खुली करतात, बऱ्याच ठिकाणी आर्किटेक्ट स्वतः हजर असतात. सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी जुन्या वास्तू उघडतात. लोकल गाड्यांना देशभर चालणारं महिन्याचं तिकीट 2023 मध्ये 49 युरोंना सुरू झालं. आता महाग झालंय, तरी विद्यार्थ्याला तेच परवडतं.

स्टुटगार्टमध्येच वायसेनहोफ वसाहत आहे, 1927 ची. चंदीगड आखणाऱ्या ल कॉर्बुझिएच्या जोडघरात आता संग्रहालय आहे आणि त्याचा एक भाग मूळ रूपात आणलाय. जिने आणि बोळ किती अरुंद आहेत ते पुस्तकातल्या प्लॅनमधून जाणवतच नाही. खांद्याला भिंत लागते तेव्हा कळतं. आणि कोलोनकडे गेलीस तर वाखेनडॉर्फच्या शेतातलं ब्रुडर क्लाउस चॅपल बघच. पीटर झुमथोरचं, 2007 चं. 112 झाडांचे सोट तंबूसारखे उभे केले, त्यांच्याभोवती रोज अर्धा मीटर असं 24 थरांत काँक्रीट कुटून भरलं, आणि मग आतले सोट हळूहळू जाळून काढले. आत काळी पडलेली, सोटांच्या खुणांची भिंत आहे, बाहेर थर मोजता येतात. हे काम गावातल्या लोकांनी हातभार लावून केलं. आपल्याकडचा कुठलाही गवंडी ती बाहेरची भिंत बघून कसं बांधलं ते सांगेल. मला शिकण्यासारखं तेच वाटलं: इमारत कशी बांधली ते तिच्या अंगावर वाचता येतं.

कागदपत्रांचं एक राहिलं. जन्मदाखला कन्नडमध्ये असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर आताच करून ठेव. सगळ्या कागदांवर नावाचं आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे ना ते बघ. आपल्याकडे मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत जाताना बदलतं आणि नंतर अ‍ॅफिडेव्हिटं करत बसावं लागतं. भारतीय पदव्यांची तपासणी करणारं एपीएस प्रमाणपत्र व्हिसाआधी लागतं आणि त्याला वेळ जातो. ट्रान्सक्रिप्टसाठी बाकीच्या जिल्ह्यांतली मुलं बेळगावला येतात. तुझं विद्यापीठ, व्हीटीयू, तर मच्छेला, जाता-येता वाटेवर आहे. आणि पुणं कितीही जवळचं वाटलं तरी आपला पत्ता कर्नाटकातला, त्यामुळे व्हिसाचं काम बेंगळूरूच्या वकिलातीकडे जातं.

एसओपीचा, म्हणजे प्रवेशअर्जासोबतच्या ‘मला हे का शिकायचंय’ या निवेदनाचा, मसुदा जोडलायस तो आत्ता वाचत नाही. आधी हलशीचा किंवा तुमच्या घराचा एक सेक्शन पाठव, 1:50 ला, हाताने काढलेला, मापं घातलेला. एसओपीत काय लिहायचं ते त्यावरून ठरवू.