चवथीला गाडीने येताना

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्री उशिरापर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही म्हणून यंदा चवथीला तुम्ही ठाण्याहून कुडाळला गाडीनेच येणार. सोबत पाच वर्षांची थोरली आणि दीड वर्षाचा धाकटा. "काकी, कसं निभावायचं गं?" असं विचारलंस. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी एक गोष्ट कर. किती वाजता पोचणार ते घरात कुणालाच सांगू नकोस. वेळ सांगितली की पेणपासूनच फोन सुरू होतात, "कुठवर आलात?" मग प्रत्येक फोनानंतर गाडी चालवणाऱ्याचा पाय थोडा जास्त दाबला जातो आणि पोरांचं थांबणं थोडं पुढे ढकललं जातं. आमच्या घरी हेच झालं होतं. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. रात्री निघालो होतो, कारण सकाळी मूर्ती बसायच्या आत पोचायचं होतं. कशेडी घाटात तो गप्प झाला. मी म्हटलं, थांबूया. हे म्हणाले, अजून अर्धा तास. मीही पुढे बोलले नाही. घाट उतरता उतरता त्याने सगळं अंगावर ओकलं. कपडे बदलताना मला म्हणतो, "आई, मी खूप वेळ धरून ठेवलं होतं." चार वर्षांचं पोर आमच्या घाईसाठी तोंड दाबून बसलं होतं. त्याला आज तिशी उलटली, तरी ते वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

म्हणून सांगते, चवथीच्या आदल्या रात्री निघू नका. दोन दिवस आधी निघा आणि चिपळूणला मुक्काम करा. साडेचारशे किलोमीटरच्या वरचा रस्ता, त्यात भाद्रपदातला पाऊस आणि माणगावच्या बाजारातली कोंडी. एका दमात हे अंतर मोठ्या माणसालाही नकोसं होतं. खोली आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी मिळत नाही. रात्रभर गाडी हाकली की पोरं झोपतात, असं तुला पुष्कळ जण सांगतील. पोरं झोपतात हे खरं, पण पहाटे तीन-चारला चालवणाऱ्याच्याही पापण्या जड होतात. रात्री सगळ्यांनी पोटभर झोपा, पहाटे साडेचारला पोरांना तशीच उचलून गाडीत घाला. उजाडेपर्यंत ती झोपेत असतील आणि चालवणारा ताजा असेल.

थोरलीला गाडी लागते म्हणालीस. त्याचं कारण साधं आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळे मोबाइलवर खिळलेले असले की ते सांगतात, आपण एका जागी बसलोय. या दोघांचं जुळलं नाही की मळमळतं. म्हणून वळणांच्या रस्त्यावर मोबाइल आणि चित्रांची पुस्तकं बंद. तिला लांबचा डोंगर बघायला सांग, काच थोडी खाली कर. निघताना दूध पाजू नकोस, पण उपाशीही ठेवू नकोस. एखादी भाकरी-चटणी किंवा दोन खाकरे पुरतात. आलेपाकाच्या वड्या हाताशी असू देत. उलटीचं औषध द्यायचं तर ते बालरोगतज्ज्ञांना विचारूनच, आणि धाकट्याला आपल्या मनाने मुळीच नाही. कशेडीला आता बोगदा झालाय, जुनी वळणं टळतात. पण पुढे परशुराम घाट आहेच. तो लागायच्या आधीच थांबा, ती गप्प होण्याची वाट बघू नका. पोर गाडीत एकाएकी गप्प झालं आणि ओठ पांढरे पडले की समजायचं.

एका बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. धाकट्याला मांडीवर घेऊन पुढे बसायचं नाही. रडला तरी नाही. अचानक ब्रेक लागला तर दोन हातांनी बाळ धरून ठेवता येत नाही, कितीही घट्ट कवटाळलंस तरी. त्याची सीट मागच्या बाकावर, त्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. थोरलीलाही तिच्या उंचीची सीट आणि पट्टा. २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी हे बंधनकारक आहे, नाहीतर १००० रुपये दंड. दंडाचं सोड, मला तुम्ही सगळे धड हवे आहात. त्याला पाजायचं असेल तर गाडी थांबवून पाज. चालत्या गाडीत शेंगदाणे, फुटाणे, गोळ्या कुणालाच देऊ नकोस. मागे घास अडकला तर पुढच्याला कळेपर्यंत उशीर होतो.

कपड्यांचा एकेक जोड वेगळ्या पिशवीत, तुझ्या पायाशी. डिकीत नको, पावसात कोण उघडणार?

थोरलीला एक खेळ शिकव. ठाण्याच्या गाड्यांवर एमएच ०४ असतं. पेणच्या बाजूला ०६ दिसायला लागतं, खेडपासून ०८, आणि खारेपाटण आलं की ०७, म्हणजे आपला जिल्हा. तिला रिक्षांच्या पाट्या वाचायला लाव, कारण त्या दिवसांत रस्त्यावरच्या बाकी गाड्या बहुतेक मुंबई-ठाण्याच्याच असतात. म्हणजे "अजून किती लांब?" याचं उत्तर तिचं तीच शोधेल.

आणि दर दोन तासांनी थांबा. नुसतं पेट्रोल पंपावर शू करून परत गाडीत कोंबायचं, ते थांबणं नव्हे. वीस मिनिटं पोरांना जमिनीवर सोडा, रस्त्यापासून लांब, हात धरून. या दिवसांत कडेला तेरडा फुललेला असतो. त्याची पिकलेली फुगीर बोंडं असतात ना, हिरवट, बारीक लव असलेली, त्यातलं एक तिच्या चिमटीत दे. नुसतं दाबलं की ते फटकन फुटतं, साल गुंडाळून आत वळते आणि बिया उडतात. माझ्या मुलाने एकदा हातखंब्याच्या पुढे तीस-चाळीस बोंडं अशी फोडली होती. एकेक फुटलं की दचकायचा आणि पुन्हा दुसरं शोधायचा. मग गाडीत बसल्या बसल्या झोपला तो थेट कणकवलीला उठला.

मी तुमच्या आधी चार दिवस गावात पोचतेय. तुझ्या सासूबाईंना मीच सांगते, फोन करू नका, जेवून घ्या, दाराला नुसती कडी लावून झोपा. गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची माटवी बांधायला तुम्ही नसलात तरी वाडीतली मुलं आहेत.

तुझी,
काकी