‘कौनसी युनिट, भाई?’

“मॅडम, हे पेन्शनीत आल्यापासून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर गोळ्या झाडत बसतात. लढाई डोक्यात गेलीय का हो यांच्या?”

नाशिक रोडला समुपदेशन करणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. आमच्या एका अंगाला तोफखाना केंद्र, पलीकडे देवळालीची तोफखाना शाळा, गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांचं प्रशिक्षण. निवृत्त होऊन उपनगर, जेल रोड, भगूर भागात फ्लॅट घेतलेले कितीतरी फौजी. गेल्या दोन-तीन वर्षांत हाच प्रश्न मी बायकोच्या, आईच्या आणि एकदा तर सासऱ्यांच्या तोंडून ऐकला. म्हणून लिहायला घेतलं. खालचे हवालदारसाहेब म्हणजे तीन घरांतली माणसं मिळून केलेला एक माणूस. ओळख पटू नये एवढं बदललं आहे.

साहेब तोफखान्यात चोवीस वर्षं काढून २०२३ मध्ये घरी आले. आता अंबडला एका कंपनीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहितात. खुर्चीच्या कडेवर, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिल्या दोन बैठकींत “जी मॅडम” आणि “नाही मॅडम” यापलीकडे गाडी सरकली नाही. जे काही सांगायचं ते वहिनी सांगत होत्या.

आधी व्यसनाचं बघितलं. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे, पण अटी कडक आहेत. खेळण्यावरचा ताबा सुटलेला हवा, बाकी सगळ्याच्या आधी गेम हवा, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही असं हवं, आणि हे साधारण वर्षभर चाललेलं हवं. साहेबांची एकही ड्युटी चुकली नव्हती. पैसे लावत नव्हते. दारू सणासुदीला. झोप कमी, हे खरं. व्यसनाचा शिक्का मारायला तेवढं पुरत नाही. घरचे लोक मात्र तो फार लवकर मारतात.

मग राहिला लढाईचा आघात. इथे मीच चुकले.

तिसऱ्या बैठकीत लांबून धुम्म आवाज आला. देवळालीच्या रेंजवर फायरिंग असलं आणि वारा इकडचा असला की माझ्या खिडकीची काच जराशी वाजते. माझं पेन थांबलं. पुस्तकं वाचून डोक्यात पक्कं बसलेलं, की आता हा माणूस दचकेल, त्याला घाम फुटेल आणि मला धागा सापडेल. साहेबांनी फक्त मान तिरकी केली.

“एकशे पंचावन्न,” म्हणाले. म्हणजे १५५ मिलिमीटरची तोफ. “आता पुढची.”

दहा-बारा सेकंदांनी दुसरा आवाज आला आणि साहेब हसले. तीन बैठकींत पहिल्यांदा.

पुढची चाळीस मिनिटं मी तोंड उघडलं नाही. तोफेपाशी कोण कुठे उभा राहतो, चाळीस किलोच्या वरचा गोळा उचलताना नवीन पोराचे हात कसे लटपटतात, सगळं आलं. आणि मग, आवाज खाली नेत, हेही आलं: “मी नव्व्याण्णवच्या सुरुवातीला भरती झालो. ट्रेनिंग चालू असतानाच कारगिल सुरू झालं आणि २६ जुलैला संपलंसुद्धा. पेपरात रोज बोफोर्स. आम्ही इथं कॅम्पात ग्राउंडला फेऱ्या मारतोय. मुलगी पाचवीत असताना तिनं विचारलं, पप्पा, तुम्ही किती शत्रू मारले? म्हटलं, एकही नाही. तिनं पुन्हा काही विचारलं नाही.”

वहिनी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, “मलाही कुठं काय माहीत? माझ्याकडे पत्ता एकच असायचा, ५६ एपीओ.” हा फौजेच्या टपालाचा पत्ता; माणूस नेमका कुठे आहे ते त्यावरून कळत नाही.

म्हणजे आघात नव्हताच. चोवीस वर्षं होती, आणि ती ठेवायला घरात जागा नव्हती.

मी म्हटलं, “साहेब, तो गेम मला दाखवा.” पुढच्या वेळी संध्याकाळी सातला त्यांनी मोबाइल टेबलावर उभा केला. नोकरीत असताना हे शक्यच नव्हतं. २०२० मध्ये लष्कराने जवानांना मोबाइलमधून काढायला लावलेल्या ८९ ॲपमध्ये पबजीही होतं, आणि साहेब हुकूम पाळणारे. बीजीएमआय, म्हणजे पबजीचीच भारतातली आवृत्ती, घेतलं ते पेन्शन सुरू झाल्यावर.

खेळतात अगदीच सुमार. “निशाणा कच्चा आहे, मी तोफेवाला.” पण चौघांच्या टोळीला दिशा तेच देतात. स्क्रीनच्या वरच्या पट्टीवर अंश दिसतात, त्यावरून सांगायचं. तोफखान्यात कोन अंशांत नाही, मिलमध्ये मोजतात. “आमच्याकडे गोल ६४०० मिलचा, इथे ३६० चा. सुरुवातीला फार घोळ व्हायचा.” आणि कोणी जखमी होऊन पडला की हे आधी त्याच्याकडे पळतात. त्या भानगडीत स्वतः मरतात.

त्या टोळीत एक साताऱ्याचे मराठा लाइट इन्फन्ट्रीतले सुभेदार, एक हरियाणाचे, एक केरळचे सिग्नलवाले. कोणी कोणाचा चेहरा पाहिलेला नाही. नवा खेळाडू आला की पहिला प्रश्न “कौनसी युनिट, भाई?” आणि दुसरा “कितने साल?” नंतर लंगरची डाळ, रद्द झालेली सुट्टी, बर्फात गोठलेली दाढी. पराक्रम फारसा नाहीच. गेम संपतो आणि माइक तासभर चालू राहतो. दोन वाजतात ते इथे.

मी विचारलं, “तिथं तुम्हाला काय म्हणतात?”

साहेब गप्प. वहिनींकडे एकदा बघितलं.

“उस्ताद.”

सहा वर्षं ते तोफखाना केंद्रात नव्या जवानांना शिकवत होते, आणि केंद्रात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. कंपनीच्या गेटवर त्यांना “ओ गार्ड” म्हणतात. घरात “अहो, तो मोबाइल ठेवा.”

मी वहिनींच्या हातात इयरफोनचं एक टोक दिलं. या व्यवसायात अठरा वर्षं झाली, तरी असं काही सुचलं की बरं वाटतं, लपवून काय करू. पलीकडून कोणी नवखा युनिट विचारत होता. साहेब बोलले, “आर्टिलरी. चौबीस साल. छह साल सेंटर में उस्ताद. लड़ाई नहीं देखी भाई, पर जो लड़ने जाते थे, उनके हाथ हमने तैयार किए.” पलीकडून आवाज आला, “राम राम, उस्ताद.” वहिनींनी इयरफोन कानातून काढला नाही. डोळे पुसले ते दुसऱ्या हाताने.

मी ॲडलरच्या वाटेची. आल्फ्रेड ॲडलर पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर होता आणि परत आल्यावर त्याने सगळा भर दिला तो माणसाच्या आपलेपणाच्या भुकेवर. कुठलंही विचित्र वागणं समोर आलं की मी आधी विचारते, यातून या माणसाला कुठे जागा मिळतेय? फौजी गेममध्ये बंदुकीसाठी जातो असं आपण धरून चालतो. माझ्याकडे आलेले बहुतेक जण माइकसाठी जात होते.

त्याच टोळीत एक पोरगा स्वतःला पॅरा कमांडो म्हणवायचा. सुभेदारांनी साधंच विचारलं, “साल में छुट्टी कितनी?” तो म्हणाला, “मिशन खतम, तब छुट्टी.” वर्षाची साठ दिवसांची सुट्टी बोटांवर मोजण्यात उमर गेलेली ही माणसं पोट धरून हसली. पोरगा एकोणीस वर्षांचा निघाला, अग्निवीर भरतीत सोळाशे मीटरला मागे पडलेला. त्याला हाकललं नाही. आता साहेब त्याला रोज पहाटे फोन करून पळायला उठवतात. साहजिकच स्वतः साडेअकराला झोपतात. मी वेळेचं जे कोष्टक आखून दिलं होतं ते त्यांनी कधी उघडलंही नसावं.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. वहिनींची तक्रार होती की हे रात्री ओरडतात, म्हणजे संताप वाढलाय. ईसीएचएसमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात, कान तपासले तर दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. तोफेजवळ वर्षं काढलेल्यांचं हे नेहमीचं दुखणं. घरातलं अर्धं भांडण मशीन लावल्यावर मिटलं. तेव्हा तुमच्या घरचा माणूस तोफखान्यातला असेल तर माझ्याकडे येण्याआधी कान तपासून घ्या.

बाकी, वायफाय बंद करू नका. त्या माणसाची ती एकच खोली आहे, तिला बाहेरून कडी लागते. शेजारी बसा आणि कोण बोलतंय ते विचारा. पराक्रम मात्र विचारू नका. कुठे होतात, काय खात होतात, कोणाबरोबर राहत होतात, एवढं पुरतं. साहेबांनाही एक ताकीद दिली: युनिट आणि वर्षं सांगा, पण आर्मी नंबर, पेन्शनचे कागद, बँक आणि नोकरीत असलेल्या मित्रांचा ठावठिकाणा कोणालाही नाही, कितीही गोड बोलला तरी. पैकी शेवटचं त्यांनीच मला नीट समजावलं.

आणि खरा आघात असतो तेव्हा तो वेगळा दिसतो. रोज तीच स्वप्नं, आवाजाला दचकणं, माणसं टाळणं, वाढती दारू, “माझ्या असण्याचा काय उपयोग” अशी भाषा. तिथे माझ्या गप्पा पुरत नाहीत, मानसोपचारतज्ज्ञच लागतो. रात्री-अपरात्री वेळ आली तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चालू असतो.

परवा वहिनींचा फोन आला. साताऱ्याचे सुभेदार त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला आले आणि दोन दिवस यांच्याकडे उतरले. स्टेशनवर दोघांनी एकमेकांना आवाजावरून ओळखलं. वहिनींनी पुरणाचा घाट घातला होता. “जेवले, आणि मग काय बोलावं ते दोघांनाही सुचेना, मॅडम. तासभर पंख्याकडे बघत बसले. शेवटी दोघांनी मोबाइल काढले. एकाच सोफ्यावर, या टोकाला हे, त्या टोकाला ते, आणि माइकवर ओरडतायत!”