पाणाड्या, नारळ आणि बोअरचे पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या कोरडवाहू शेतात बोअर घ्यायचा आहे. वडील आणि थोरले भाऊ पाणाड्याला, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते दाखवणाऱ्याला, बोलवायचे म्हणतात, कारण शेजारच्या शेतात त्याच्या तळहातावरचा नारळ जिथे उभा राहिला, त्याच जागी चांगले दोन इंची पाणी लागले. मला हे पटत नाही. परंतु पाणी डोळ्यांसमोर दिसत असताना त्यांच्याशी कोणत्या आधारावर बोलावे? (जालना जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले, हे मान्य करूनच बोलायला सुरुवात करा. विचारायचे ते एवढेच, की त्याच शेतात पन्नास फूट अलीकडे किंवा पलीकडे बोअर मारला असता तर काय झाले असते? हे कोणालाच ठाऊक नाही, कारण तिथे कोणी बोअर मारलेला नाही. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसॉल्टची आहे. त्याच्या वरच्या थराची झीज होऊन मुरूम झालेला असतो आणि खालच्या पाषाणात भेगा व सांधे असतात. पावसाचे मुरलेले पाणी या मुरमात आणि भेगांत साठते. सखल भागात, नाल्याच्या काठाला किंवा पाऊसमान बरे झालेल्या वर्षी असे पाणी बऱ्याच मोठ्या क्षेत्रात पसरलेले असते, आणि अशा शेतात जागा डोळे मिटून निवडली तरी थोडेफार पाणी लागण्याची शक्यता चांगलीच असते. म्हणून एका बोअरचे यश हा नारळाचा पुरावा ठरत नाही.

पुरावा हवा असेल तर त्या पाणाड्याने आजवर दाखवलेल्या सगळ्या जागांचा हिशेब मांडावा लागेल : किती बोअर झाले, किती फुटांवर पाणी लागले, किती कोरडे गेले आणि किती पहिल्याच उन्हाळ्यात आटले. असा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्याला पाणी लागले तो पारावर बसून सगळ्यांना सांगतो. ज्याचा बोअर फेल गेला, तो फुटाच्या दराने बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याचे पैसे भागवतो, केसिंगचे, म्हणजे बोअरमध्ये बसवायच्या पाइपचे, वेगळे देतो, कर्जाचे हप्ते फेडत राहतो आणि त्याविषयी चारचौघांत बोलत नाही. गावाच्या आठवणीत त्यामुळे यशस्वी बोअरच तेवढे शिल्लक राहतात. शिवाय अपयशाची कारणे तयारच असतात. जागा बरोबर होती पण गाडीवाल्याने हातभर सरकवली, किंवा अजून पन्नास फूट गेले असते तर झरा लागला असता, असे सांगितले जाते. या दुसऱ्या कारणाचा मला विशेष राग येतो, कारण ते ऐकून माणूस आणखी पन्नास फुटांचे पैसे मोजतो. पाणी लागले तर विद्या खरी आणि नाही लागले तरीही विद्या खरीच, असे ज्या दाव्याचे स्वरूप असते, तो तपासण्याची वाटच शिल्लक राहत नाही.

एक गोष्ट मात्र पाणाड्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे शिवार तुडवलेल्या माणसाला उंबराचे झाड, वारूळ, जमिनीचा ढाळ, नाल्याचे वळण यांवरून पाण्याचा काही अंदाज येत असतो. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे प्रकरणच भूगर्भातील पाण्याच्या खुणांवर आहे, आणि त्यात झाडे व वारुळे यांचा सविस्तर विचार केलेला आहे. त्यातील प्रत्येक खूण खरी ठरेल असे नाही. परंतु त्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा आहेत आणि प्रत्येकीची स्वतंत्रपणे तपासणी करता येते. पाणाड्याला पाण्याचा सुगावा अशा खुणांवरून लागत असेल, तर नारळाची गरज उरत नाही. वडिलांशी बोलताना हा मुद्दा मांडून पाहा. त्यात त्यांच्या अनुभवाचा अवमान होत नाही.

प्रश्न : आमच्या गावचे पाणाडे एक पैसाही घेत नाहीत आणि खोटे बोलणारा हा माणूसच नव्हे. मी स्वतः त्यांची बेचक्याच्या आकाराची फांदी हातात धरून पाहिली, तेव्हा ती माझ्या इच्छेविरुद्ध खाली ओढली गेली. हा अनुभव मी भ्रम म्हणून सोडून द्यावा काय? (सांगली जिल्ह्यातील एक शिक्षिका)

उत्तर : फांदी खाली गेली हे खरेच आहे आणि आपण ती जाणूनबुजून ढकलली नाही, हेही मी तितकेच खरे मानतो. प्रश्न आहे तो ती कशाने हलली याचा. ही फांदी धरताना तळवे वर असतात आणि दोन्ही टोके बाहेरच्या बाजूला ताणलेली असतात. ताणामुळे ती अशा अस्थिर स्थितीत येते की मनगट किंचित वळले तरी पुढचे टोक झटक्याने खाली जाते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळही असाच अस्थिर असतो. हाताचा जरासा कल त्याला उभा करायला पुरतो. मनात एखादी अपेक्षा असली की स्नायूंची सूक्ष्म हालचाल आपल्या नकळत होते, हे विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने 1852 मध्ये मांडले.

त्याच्या पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी जो प्रयोग केला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवायचे आणि टेबल आपोआप फिरताना पाहायचे, असे वेड पसरले होते. फॅरेडे यांनी आपल्या विश्वासातली, प्रामाणिक माणसे निवडली आणि त्यांचे हात व टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांची चळत ठेवली. पुठ्ठे एकमेकांना मऊ चिकट पदार्थाने असे जोडलेले होते की जोर पडल्यास ते थोडे सरकतील आणि सरकलेले दिसतील. टेबल आधी हलले असते तर खालचे पुठ्ठे पुढे गेलेले दिसले असते. प्रत्यक्षात हाताखालचे, म्हणजे वरचे पुठ्ठे पुढे गेलेले आढळले. हातच टेबलाला ढकलत होते. मग फॅरेडे यांनी हाताचा जोर लगेच दाखवणारा एक हलका दर्शक जोडला आणि तो बसलेल्यांना दिसेल असा ठेवला, तेव्हा टेबल फिरायचेच थांबले. आपण ढकलत आहोत हे त्या माणसांना तोवर खरोखरच ठाऊक नव्हते.

आपल्या गावच्या पाणाड्यांविषयी मी हेच म्हणेन. त्यांच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु सचोटी असली म्हणून दावा खरा ठरत नाही. जर्मनीतील कासेल येथे 1990 मध्ये 30 पाणाड्यांची चाचणी घेण्यात आली. जमिनीत सुमारे अर्धा मीटर खोल नळ पुरला होता आणि तो कुठे आहे हे वर खूण करून दाखवलेही होते. त्यातून त्या क्षणी पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. चाचणी न्याय्य आहे, हे सर्वांनी आधी मान्य केले होते आणि आपण यशस्वी होऊ अशी त्यांची खात्री होती. निकाल नाणे उडवून आला असता तसाच आला. ही माणसे लबाड नव्हती, म्हणूनच मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यात एक गृहस्थ तांब्याच्या सळ्या लावलेले यंत्र घेऊन फिरतात. ते स्वतःला अभियंता म्हणवतात, भूचुंबकीय लहरींची भाषा बोलतात आणि पाणी किती फुटांवर व किती इंची लागेल तेही सांगतात. लोक त्यांना भरपूर पैसे देतात. त्यांना नेमके काय विचारावे? (सोलापूर जिल्ह्यातील एक शेतकरी वाचक)

उत्तर : शास्त्रीय वाटणारे शब्द ऐकून दबून जाऊ नका. हातातली मोकळी फिरणारी सळी मनगटाच्या हालचालीने फिरते, मग ती बाभळीची असो की तांब्याची. या प्रकारातून केवढा अनर्थ होऊ शकतो हे इराकमध्ये दिसले. एडीई 651 नावाचे ‘स्फोटकशोधक यंत्र’ तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरले जात होते. मुठीवर मोकळी फिरणारी एक अँटेना, एवढाच तो प्रकार. स्फोटके ओळखू शकेल असे त्यात काहीही नव्हते. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक याला ब्रिटनच्या न्यायालयाने 2013 मध्ये फसवणुकीबद्दल 10 वर्षांची शिक्षा दिली. तोवर बगदादमध्ये स्फोटकांनी भरलेल्या गाड्या अशा नाक्यांवरून पुढे गेल्या होत्या.

या गृहस्थांना चाचणीचे आमंत्रण द्या. आपल्या शेतात जमिनीखालून गेलेली पाइपलाइन असेलच. वाहत्या पाण्याचा आवाज वर येत नाही अशी जागा निवडा. व्हॉल्व्हपाशी एक माणूस नजरेआड बसवा. त्याने प्रत्येक वेळी नाणे उडवून व्हॉल्व्ह चालू किंवा बंद करावा आणि वहीत नोंद ठेवावी. गृहस्थांसोबत जो उभा राहील त्यालाही व्हॉल्व्हची स्थिती कळता कामा नये, कारण चेहऱ्यावरूनसुद्धा सूचना मिळते. असे वीस वेळा करा आणि किमान सोळा उत्तरे बरोबर आली तरच यश मानायचे, हे सुरुवातीलाच लिहून दोघांनी सह्या करा. निव्वळ अंदाजाने वीसपैकी सोळा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. नळातले पाणी आमच्या यंत्राला कळत नाही, असे ते म्हणाले तर मग कोणते पाणी कळते आणि ते कसे तपासावे, हे त्यांनीच चाचणीआधी सांगावे.

निकष आधी ठरवण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. जर्मनीतच म्युनिकजवळ 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे 500 पाणाड्यांतून 43 जण निवडून 843 चाचण्या घेतल्या गेल्या, आणि त्यातल्या सहा जणांत खरे कौशल्य आढळले असे संशोधकांनी जाहीर केले. पुढे एन्राइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासली, तेव्हा दिसले की ते सहा ‘उत्तम’ पाणाडे इतर चाचण्यांत योगायोगापलीकडे काही दाखवू शकले नव्हते. शेकडो प्रयत्नांतले चांगले तेवढे मागाहून वेचले, तर कोणाचीही विद्या सिद्ध होते.

जागा निवडायचीच असेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करा. विद्युत रोधकता सर्वेक्षणात जमिनीत चार सळ्या ठोकतात. दोहोंतून वीज सोडतात आणि उरलेल्या दोहोंमधला विजेचा दाब मोजतात. ओला, भेगाळ थर विजेला कमी अडवतो आणि कोरडा अखंड पाषाण जास्त. मोजणी कोणीही केली तरी आकडा साधारण तोच येतो, कारण तो मापकावर वाचायचा असतो, मनगटात जाणवायचा नसतो. हे सर्वेक्षणही चुकते आणि त्यानंतरचे बोअरही कोरडे जातात. म्हणून भूवैज्ञानिकाने ‘इथे हमखास पाणी लागेल’ असे सांगितले, तर त्यालाही तेवढ्याच परखडपणे आधार विचारा. त्याआधी आपल्या शिवारातल्या जुन्या बोअरची यादी करा : जागा, खोली, कितव्या फुटावर ओल लागली, उन्हाळ्यात पाणी किती टिकले. कोरडे गेलेले बोअर त्या यादीत आवर्जून लिहा. त्यासाठी त्या शेतकऱ्यांच्या घरी स्वतः जावे लागेल. आपणहून येऊन ते सांगणार नाहीत.