पणजोबा ८५ जगले, मग सरासरी आयुष्य ३२ कसं? – वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न (कोपरी, ठाणे पूर्व): डॉक्टर, सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला की स्वातंत्र्याच्या वेळी भारतीयांचं आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. माझे पणजोबा ८५ जगले, त्यांचा भाऊपण ऐंशीच्या पुढे गेला. हा आकडा खोटा आहे का?

उत्तर: आकडा खरा आहे, अर्थ चुकीचा लावला जातोय. ३२ म्हणजे लोक बत्तिसाव्या वर्षी मरायचे असं अजिबात नाही. हे जन्माच्या वेळचं आयुर्मान आहे, सरासरी, आणि त्या सरासरीत पाळण्यातच गेलेली बाळंही धरलेली असतात, ज्यांची नावंसुद्धा आज घरात कोणाला आठवत नाहीत. साधा हिशोब करा, दहा मुलं जन्मली, तीन तान्हेपणीच गेली आणि सात जण साठीपर्यंत जगले, तर सरासरी येते ४२, पण बेचाळिसाव्या वर्षी त्यातलं एकही माणूस गेलेलं नाही. म्हणून वयोवृद्ध पणजोबा तेव्हाही घरोघरी होतेच.

त्या काळी हजार जिवंत जन्मांमागे दीडशेच्या आसपास किंवा जास्तच बाळं पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२० च्या एसआरएसमध्ये (सरकारची नमुना नोंदणी) देशाचा हाच आकडा २८ आहे, महाराष्ट्राचा १६, केरळचा ६. आयुर्मान आज सत्तरच्या घरात आलंय त्यात सगळ्यात मोठा वाटा या वाचलेल्या लेकरांचा आहे. आणि साठी गाठलेला माणूस आज सरासरी आणखी १८ वर्षांच्या आसपास जगतो, त्यामुळे घरातल्या मोठ्यांनी ‘सत्तर झाले, संपलं’ असं मुळीच समजू नये.

मला स्वतःला बालमृत्यूदर, म्हणजे हजार जन्मांमागे पहिल्या वर्षात गेलेल्या बाळांचा हा आकडा, सगळ्यात बोलका वाटतो, कारण तान्ह्या बाळाला स्वतःचं काहीच करता येत नाही, आई गरोदरपणात काय जेवली, तिचं लग्न कितव्या वर्षी झालं, पाणी कसलं होतं, पावसात रस्ता होता का, हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं, बाळाचा श्वास मोजायला, त्याला उबेत ठेवायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी होते, १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मोठी मशीन नाही, आयसीयू नाही, घरी येऊन बाळाकडे नीट बघणारी एक बाई. आपल्याच जिल्ह्यात शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर जाणाऱ्या आशाताईंच्या कामाची किंमत यावरून करा.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आमच्या जुन्या सोसायटीत वर्षभरात सात जण गेले. भावाच्या घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्समध्ये आमच्या चौपट माणसं, तिथे एकच. लोक म्हणतायत पाण्यात काहीतरी आहे. घाबरायचं का?

उत्तर: आधी गेलेल्यांची वयं लिहून काढा. नौपाड्यात चाळीस वर्षांपूर्वी तरुणपणी राहायला आलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत आणि घोडबंदरला कर्ज काढून घर घेतलेली तिशी-चाळिशीची जोडपी आहेत, मग मृत्यू तुमच्याकडेच जास्त दिसणार ना! हीच गोष्ट राज्यांची. २०२० मध्ये हजार लोकसंख्येमागे मृत्यू केरळात ७ आणि बिहारमध्ये ५.४ होते, म्हणून बिहार जास्त निरोगी आहे असं कोणी म्हणेल का? केरळात म्हातारी माणसं जास्त आहेत एवढंच. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना दोन्हीकडे वयाची रचना सारखी धरून दर परत काढतात, वय-प्रमाणित मृत्यूदर म्हणतात त्याला, आणि तो न काढता केलेली तुलना मी तरी मानत नाही. शिवाय एका सोसायटीत वर्षाला दोन-चार मृत्यू इकडे तिकडे होतातच, एवढ्या लहान आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

पाण्याची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नका. पाणी खराब असेल तर ते आधी जुलाब, कावीळ, टायफॉइडच्या केसेसमध्ये दिसतं, मृत्यूत नाही. दोन-तीन घरांत एकाच वेळी कावीळ झाली का ते विचारा, टाकी कधी धुतली ते बघा, नळाच्या पाण्यातला क्लोरीन तपासून घ्या, लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला असायला हवा.

प्रश्न (नेरुळ, नवी मुंबई): आमच्याकडे एवढी मोठमोठी हॉस्पिटलं झाली, तरी आजारी माणसं वाढतच आहेत. असं का?

उत्तर: काही अंशी ही चांगली बातमी आहे. डायबेटीसचा पेशंट औषधांमुळे वीस-तीस वर्षं जगतो, तर रुग्णसंख्येत तो दरवर्षी मोजला जातो. एकूण रुग्ण किती आणि यंदा नवीन किती झाले हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पेपरवाले बहुतेक वेळा पहिलाच आकडा देतात. आजार थांबतोय की नाही ते दुसरा सांगतो.

आणि नवीन आजार हॉस्पिटल थांबवत नाही हो, ते झालेल्याला सांभाळतं. लंडनच्या सरकारी नोकरांचा १९६७ पासून अभ्यास झाला, व्हाइटहॉल नावाने तो प्रसिद्ध आहे. सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी उपचार, तरी सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या पुरुषांचा मृत्यूदर सगळ्यात वरच्यांच्या तिप्पट निघाला, आणि सिगरेट, बीपी सगळं हिशोबात धरूनही फरक पूर्ण जाईना. आपल्याकडचं उदाहरण झारखंडचं. टीबी पेशंटच्या घरच्यांना दर महिन्याला तांदूळ, डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. तांदूळ-डाळ! तुर्भ्यात एका खोलीत सहा जण राहणारं कुटुंब आणि पाम बीचवरचं कुटुंब एकाच महापालिकेत आहेत, पण टीबीचा धोका दोघांना सारखा नाही, आणि ते अंतर नुसती खाटांची संख्या वाढवून कमी होणार नाही. महापालिकेचं बजेट आलं की हॉस्पिटलच्या उद्घाटनासोबत घरं, रेशन, अंगणवाडी यांचंही विचारा.

प्रश्न (दिघा, नवी मुंबई): आजी घरीच गेली, ८८ वय होतं. डॉक्टरांनी कागदावर ‘कार्डिअ‍ॅक अरेस्ट’ लिहिलं. चालेल ना?

उत्तर: आजी गेल्याचं वाईट वाटलं. नोंद २१ दिवसांत करा, फी लागत नाही. पण कारणाबद्दल डॉक्टरांना परत भेटा. हृदय तर प्रत्येकाचंच शेवटी थांबतं, ते कारण नव्हे. आजीला आधीपासून डायबेटीस, किडनीचा त्रास, दमा जे काही होतं ते मूळ कारण म्हणून यायला हवं. लोक कशाने जातात याचे बरेचसे हिशोब शेवटी अशाच कागदांवरून बनतात, तेव्हा जुन्या फाईली सोबत न्या आणि नीट लिहून घ्या.